पूर्ण अ‍ॅनालॉग स्टिरिओ इंटिग्रेटेड अ‍ॅम्प घ्यायचाय, किती वॅट बघू?

मंद्रसप्तक

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदाच विचारतोय.

घरी ऐकायला स्टिरिओ इंटिग्रेटेड अ‍ॅम्प घ्यायचाय, म्हणजे सोर्स निवडणं, नॉब आणि स्पीकरला पॉवर देणं सगळं एकाच डब्यात. सध्या वापरतोय तो मित्राचा आहे, जुना आहे, आणि पुढच्या महिन्यात त्याला परत द्यायचाय. स्पीकर माझे स्वतःचे, स्टँडवरचे छोटे टू-वे, मागे लिहिलंय ८६ डीबी आणि ६ ओहम. खोली साधारण १२ बाय १४ फूट आणि मी बसतो तिथून स्पीकर अडीच मीटरवर. एक टर्नटेबल आहे एमएम कार्ट्रिजवाला (सुई बसवलेला भाग, मूव्हिंग मॅग्नेट जातीचा), आणि लॅपटॉपला लावलेला एक छोटा डॅक, म्हणजे डिजिटल गाण्याचा अ‍ॅनालॉग सिग्नल करणारा डबा.

आता खरी अडचण. ऐकायला वेळ मिळतो तो रात्री, सगळे झोपल्यावर, त्यामुळे आवाज अगदी कमी असतो. आणि माझ्या लक्षात असं आलंय की रेकॉर्ड लावली की गाणारा बरोब्बर दोन स्पीकरच्या मध्ये उभा असतो, तंबोरा मागे पसरलेला असतो, आवाज भरीव वाटतो. तेच डॅकवरून लावलं की गाणारा उजवीकडे सरकतो, डावा स्पीकर जणू दमलेला, आणि एकूण सगळं पातळ. आधी वाटलं डॅक खराब आहे म्हणून दुसऱ्याचा आणून लावला, तरी तेच. म्हणून मी ठरवलंय की डिजिटलच्या भानगडीत पडायचं नाही, ज्याच्यात आत डॅक नाही, ब्लूटूथ नाही असा सरळ अ‍ॅनालॉग अ‍ॅम्प घ्यायचा आणि मुख्यतः रेकॉर्डच ऐकायच्या. डॅक राहील बाहेर, लागला तर.

डोक्यात दोन पर्याय आहेत, एक ४० वॅटचा आणि एक ८० वॅटचा. सगळे म्हणतात ८६ डीबीचे स्पीकर म्हणजे अ‍ॅम्पला जड जातात, वॅट भरपूर घे. खरंच ८० लागतील का? आणि क्लास ए, क्लास एबी हे जे असतं ते कमी आवाजात कळतं का? मनापासून सांगा, कारण मी हा अ‍ॅम्प एकदा घेतला की पुढची पंधरा-वीस वर्षं तोच वापरणार आहे.

सोल्डरची_तार

आधी वॅटचं बघू, त्यावरून लोक उगाच घाबरतात.

८६ डीबी म्हणजे काय, तर स्पीकरला २.८३ व्होल्ट दिले की एक मीटरवर तेवढा आवाज येतो. ८ ओहमला २.८३ व्होल्ट म्हणजे बरोब्बर १ वॅट, ४ ओहमला २ वॅट. तुम्ही अडीच मीटरवर बसता म्हणजे अंतरामुळे ८ डीबी गेले, पण स्पीकर दोन आहेत आणि खोलीच्या भिंती आवाज परत देतात, त्यातून चारेक डीबी परत मिळतात. म्हणजे १ वॅटला तुमच्या खुर्चीत ८१-८२ डीबी धरा. हा आवाज घरात बऱ्यापैकी मोठा आहे, शेजारच्या खोलीतल्याला उठवेल. दुपारी मोकळेपणाने ऐकायचं तर सरासरी ७५ डीबी पुरे, त्याला वॅटचा पाचवा भागही खूप झाला. तबल्याची थाप किंवा पियानोचा जोरदार स्वर सरासरीच्या २० डीबी वर गेला, तर १०० पट पॉवर लागते, म्हणजे २० वॅट. इतकंच. तुम्ही रात्री ऐकता तेव्हा समजा ६० डीबी, तर स्पीकरमध्ये जातात साधारण ६ मिलिवॅट. हो, मिलिवॅट.

४० आणि ८० मध्ये फरक फक्त ३ डीबीचा. कानाला "थोडा मोठा झाला" एवढंच कळतं. आवाज दुप्पट वाटायला १० डीबी लागतात, म्हणजे दहापट पॉवर. ४० वरून दुप्पट मोठं हवं असेल तर ८० नाही, ४०० वॅट लागतील.

त्यापेक्षा ४ ओहमचा आकडा बघा. ६ ओहमचे स्पीकर बहुतेकदा कुठल्या तरी फ्रिक्वेन्सीला ४ च्या जवळ उतरतात. ८ ओहमला ५० वॅट म्हणजे २० व्होल्ट, तेच २० व्होल्ट ४ ओहमवर टिकवायचे तर अ‍ॅम्पला १०० वॅट आणि ५ अँपियर द्यायला लागतात. ट्रान्सफॉर्मर आणि मोठे कंडेन्सर त्या मानाचे असतील तर ४ ओहमचा आकडा ८ ओहमच्या दीडपट ते दुप्पट दिसतो. जिथे ४ ओहमचा आकडाच दिलेला नाही तिथे मी हात आखडता घेतो. आणि वॅट कसे मोजलेत तेही वाचा. दोन्ही चॅनल एकदम चालू, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, डिस्टॉर्शन इतकं, असं लिहिलं असेल तर तो आकडा खरा. "१ किलोहर्ट्झ, १० टक्के डिस्टॉर्शन" असं बारीक अक्षरात असेल तर तोच अ‍ॅम्प खऱ्या मापात बराच खाली येतो. या फुगवलेल्या आकड्यांवरूनच अमेरिकेत १९७४ मध्ये एफटीसीने (तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने) अ‍ॅम्पच्या वॅटसाठी नियम केला होता.

क्लासचं. एबीमध्ये वरची अर्धी लाट एक ट्रान्झिस्टर सांभाळतो, खालची दुसरा, आणि शून्याच्या आसपास दोघं एकमेकांच्या हातात काम देतात. तिथे बायस करंट, म्हणजे सिग्नल नसतानाही ट्रान्झिस्टरमधून वाहणारा करंट, कमी ठेवला असेल तर त्या सांध्यावर खोच पडते, तिला क्रॉसओव्हर डिस्टॉर्शन म्हणतात, आणि ती मोठ्या आवाजात झाकली जाते पण कमी आवाजात तिचा वाटा मोठा होतो. म्हणून रात्री ऐकणाऱ्यासाठी पहिल्या वॅटची तब्येत शेवटच्या वॅटपेक्षा महत्त्वाची. क्लास एमध्ये ट्रान्झिस्टर पूर्ण लाटभर चालूच राहतात, हा सांधाच नसतो; चांगला एबी पहिल्या काही मिलिवॅटला क्लास एमध्येच असतो, त्यासाठी रात्रभर हीटर झालेला क्लास ए घ्यायची गरज नाही.

आता माझा एक प्रश्न, आणि उत्तर नीट बघून द्या. रात्री डॅकवर ऐकताना व्हॉल्यूमचा नॉब कुठे असतो आणि रेकॉर्डवर ऐकताना कुठे? घड्याळाच्या काट्यासारखं सांगा.

तेहेतीस_फेरे

वॅटबद्दल वर जे लिहिलंय त्याला माझा पूर्ण पाठिंबा. नॅड ३०२० हा १९७८ चा अ‍ॅम्प, कागदावर चॅनलला फक्त २० वॅट, आणि तरी त्याने कितीतरी लोकांना हा नाद लावला, कारण संगीतात क्षणभर जोर लागतो तेव्हा तो २० पेक्षा बरंच जास्त देऊ शकायचा आणि अवघड स्पीकरला पाठ दाखवत नव्हता. माझ्याकडे एक होता, बरीच वर्षं चालवला, शेवटी बटणांची खरखर आणि वाळलेले कंडेन्सर, पण बदलून परत उभा राहिला. ज्याच्यात सगळे सुटे भाग सोल्डर करून बदलता येतात असा अ‍ॅम्प असेल तर वीस वर्षांची इच्छा रास्त आहे. उलट आत डॅक आणि वायरलेसचा बोर्ड असेल तर तो बोर्ड आधी जुना होतो, अ‍ॅम्प नाही. म्हणून अ‍ॅनालॉग अ‍ॅम्प आणि बाहेर सुटा डॅक ही तुमची मांडणी मला पटते. कारण मात्र हे, "डिजिटल पातळ असतं" हे नव्हे.

रेकॉर्डच मुख्य असतील तर फोनो स्टेजकडे, म्हणजे कार्ट्रिजचा बारीक सिग्नल वाढवणाऱ्या भागाकडे, जरा जास्त लक्ष द्या, लोक तिथे फक्त "फोनो आहे का नाही" एवढंच बघतात. एमएम कार्ट्रिज देतं जेमतेम ३ ते ५ मिलिव्होल्ट. रेकॉर्ड कापताना खर्ज कमी आणि वरचे स्वर जास्त करून कापलेलं असतं, आरआयएए कर्व्ह म्हणतात त्याला, १९५४ पासूनचं. फोनो स्टेज ते उलटं करतो, म्हणजे २० हर्ट्झला १ किलोहर्ट्झपेक्षा जवळपास २० डीबी जास्त वाढवतो. त्यामुळे ट्रान्सफॉर्मरचा जो काही हम (विजेची घूं) कार्ट्रिजच्या तारेत शिरला तोही तितकाच वाढतो. टर्नटेबल अ‍ॅम्पच्या अगदी शेजारी किंवा वर ठेवू नका, ग्राउंडची बारीक तार लावायला विसरू नका. आणि टर्नटेबलमध्येच फोनो प्रीअ‍ॅम्प असेल तर मागचं बटण बघा. ते लाइनवर ठेवून मी एकदा फोनो इनपुटला जोडलं होतं, दोनदा आरआयएए होऊन असा घुमणारा, फाटलेला आवाज आला की वाटलं कार्ट्रिज गेलं.

मॉडेलची नावं विचारलीत तर नॅड सी ३१६बीईई व्ही२ हा ४० वॅटचा, एमएम फोनोसकट, आत डॅक नाही. रेगा ब्रिओ ५० वॅटचा, त्यातही एमएम फोनो. रेगाचाच आयओ आहे ३० वॅटचा, त्यात फोनो आणि फक्त दोन लाइन इनपुट. तुम्हाला दोनच सोर्स आहेत म्हणजे तोही चालेल. पण नावं नंतर, आधी घरी आणून ऐका.

साधा_कान

थोडा वेगळा मुद्दा मांडतो. "अ‍ॅनालॉग" या शब्दावर फार विसंबू नका. मागे लाल-पांढरे आरसीए इनपुट आहेत म्हणजे आतला रस्ता अ‍ॅनालॉग असेलच असं नाही, काही अ‍ॅम्प इनपुटला आलेला सिग्नल आधी डिजिटल करतात, बेस-ट्रेबल चिपमध्ये करतात आणि परत अ‍ॅनालॉग करतात. मग तुमची रेकॉर्डही डिजिटल झालीच की. त्यामुळे डॅक आहे का नाही हे न विचारता अ‍ॅनालॉग इनपुट एडीसीतून (अ‍ॅनालॉगचं डिजिटल करणाऱ्या चिपमधून) जातो का हे विचारा.

आणि उलटी गोष्ट, क्लास डी मधला डी म्हणजे डिजिटल नव्हे. ए, बी, सी नंतरचं अक्षर एवढंच. आउटपुट ट्रान्झिस्टर पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद अशा वेगाने उघडझाप करतात आणि किती वेळ चालू राहायचं हे अ‍ॅनालॉग सिग्नलच ठरवतो. आदर्श क्लास बीची कार्यक्षमता कागदावर ७८.५ टक्क्यांच्या वर जात नाही, डी त्याच्या पुढे जातो, म्हणून गरम होत नाही आणि वजन कमी. मी दोन वर्षं चांगला क्लास डी ऐकतोय आणि कान अजिबात दुखत नाहीत. पातळ वगैरे वाटलं नाही. त्याला यादीतून नुसतं नावावरून काढू नका.

मंद्रसप्तक

सगळ्यांचे खूप आभार, ६ मिलिवॅट वाचून मी दोन मिनिटं नुसता बसून राहिलो.

@सोल्डरची_तार, काल रात्री बघितलं. नॉबचा शून्य सात वाजता आहे. डॅकवर रात्रीच्या आवाजाला नॉब असतो आठला, म्हणजे जेमतेम सुटलेला, अजून एक केसभर खाली आणला तर डावा स्पीकर चक्क बंद पडतो. रेकॉर्डला साडेदहाच्या आसपास. हे का विचारलंत ते सांगाल का, कारण मला आता शंका यायला लागलीय.

सोल्डरची_तार

शंका बरोबर आहे. तुमचा डॅक ठीक आहे, दुसऱ्याचा आणलेला पण ठीक होता. गाणारा सरकतो तो नॉबमुळे.

त्या नॉबमागे एकाच दांड्यावर कार्बनच्या दोन पट्ट्या असतात, एक डावीची एक उजवीची. दोन्ही तंतोतंत सारख्या कधीच निघत नाहीत आणि सर्वात जास्त फरक पडतो तो अगदी सुरुवातीच्या भागात, तिथे २-३ डीबीचा फरक सहज असतो. २ डीबीला गाणारा मध्यावरून हलतोच. नॉब दहाच्या पुढे गेला की पट्ट्या जुळतात. तुमची रेकॉर्ड वाजते जुळलेल्या भागात आणि डॅक वाजतो न जुळलेल्या भागात. त्याला अ‍ॅनालॉग-डिजिटल असं काही कारण नाही.

मग डॅकला नॉब इतका खाली का आणावा लागतो? कारण डॅक आणि सीडी प्लेअर पूर्ण पातळीला २ व्होल्ट देतात. अ‍ॅम्पचे लाइन इनपुट मात्र अजून बऱ्याचदा २०० मिलिव्होल्टला पूर्ण वॅट देतील असे बनवतात, ती सवय १९८२ ला सीडी यायच्या आधीची, ट्यूनर आणि कॅसेट डेक काहीशे मिलिव्होल्ट द्यायचे तेव्हाची. २ व्होल्ट आणि २०० मिलिव्होल्ट म्हणजे दहा पट, २० डीबी. ते २० डीबी कुठे जाणार, तुम्ही नॉब पिळून ते टाकताय. फोनोवर तुमची रेकॉर्ड त्या मानाने १०-१५ डीबी खाली येते म्हणून नॉब वर राहतो.

आज रात्री एवढं करा. लॅपटॉपवर प्लेअरमध्येच आवाज १५ डीबीने खाली आणा आणि डॅकला २४ बिट पाठवा. १६ बिटचं गाणं २४ बिटमध्ये पाठवताना ८ बिट मोकळे असतात, एका बिटला ६ डीबी, म्हणजे ४८ डीबीपर्यंत कमी केलं तरी गाण्यातला एकही बिट जात नाही. मग नॉब वर घेऊन नेहमीच्या रात्रीच्या आवाजाला आणा. एखादं जुनं मोनो गाणं लावा, मोनोमध्ये दोन्ही चॅनल सारखेच असतात त्यामुळे गाणारा जरा जरी हलला तरी कळतो.

खात्री करायची तर आधी नॉब आठलाच ठेवून अ‍ॅम्प बंद करून डॅकच्या डाव्या-उजव्या तारा अदलाबदल करा. दुबळेपणा डाव्या स्पीकरलाच राहिला तर दोष अ‍ॅम्प किंवा स्पीकरचा. मग स्पीकरच्या तारा बदला, दुबळेपणा दुसऱ्या स्पीकरकडे गेला तर अ‍ॅम्पचा.

आणि नवीन अ‍ॅम्प घेताना हेच बघायचंय: इनपुट सेन्सिटिव्हिटी, म्हणजे पूर्ण वॅट द्यायला इनपुटला किती व्होल्ट लागतात. २०० मिलिव्होल्टपेक्षा ४०० किंवा ५०० लिहिलेलं तुमच्यासाठी चांगलं, नॉबला जागा मिळते. नॉब साधा कार्बनचा आहे की रेझिस्टरच्या पायऱ्यांचा किंवा चिपने चालणारा, तेही विचारा. पायऱ्या किंवा चिप असेल तर खालच्या टोकालाही दोन्ही चॅनल बरोबर राहतात. आणि ती चिपही अ‍ॅनालॉगच असू शकते, नुसता हुकूम डिजिटल असतो.

मंद्रसप्तक

झालं. तारा बदलल्या, दुबळेपणा डावीकडेच राहिला, स्पीकरच्या तारा बदलल्या तर उजव्याकडे गेला, म्हणजे अ‍ॅम्पच. मग १५ डीबी खाली आणून नॉब साडेदहाला नेला, मोनो गाणं लावलं, आणि बाई बरोब्बर मध्ये येऊन उभ्या राहिल्या. तंबोरा मागे पसरला. मी गेलं दीड वर्ष या एका गोष्टीवरून डॅकला दोष देत होतो, माझ्याकडची निम्मी गाणी फक्त डिजिटलमध्ये आहेत आणि ती मी ऐकायचंच टाळत होतो. पहाटेपर्यंत जागलो काल.

आता पातळपणा थोडा उरलाय, बेस कमी वाटतो, पण तो दोन्हीवर सारखाच. अ‍ॅम्प तर घ्यायचाच आहे.

तेहेतीस_फेरे

वाचून फार बरं वाटलं. उरलेला पातळपणा कानाचा आहे, यंत्राचा नाही. कमी आवाजात आपल्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो, फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच ते मोजून ठेवलंय. त्यासाठीच अ‍ॅम्पवर लाउडनेसचं बटण असायचं. यामाहाच्या बऱ्याच मॉडेलांवर ते नुसतं चालू-बंद नसून फिरवायचं असतं, हवं तेवढं घेता येतं, रात्री ऐकणाऱ्याला खरंच उपयोगी. साधा बेसचा नॉब पण चालतो. टोन कंट्रोल म्हणजे पाप असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका.

घरी दोन अ‍ॅम्प आणून ऐकणार असाल तर आधी दोन्हीचा आवाज सारखा करा, नाहीतर जो जरासा मोठा तो चांगला वाटतो. स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावा, १०० हर्ट्झचा टोन वाजवा, साध्या मीटरला अशी कमी फ्रिक्वेन्सीच नीट मोजता येते, आणि दोन्हीचे व्होल्ट एका टक्क्यात आणा.

सोल्डरची_तार

मल्टिमीटर हातात आहेच तर, अ‍ॅम्प जुना घेत असाल तर त्याला स्पीकर जोडायच्या आधी टर्मिनलवर डीसी मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर ठीक, त्याहून बराच जास्त असेल तर स्पीकर जोडू नका, वूफर जाईल. आणि जपानच्या बाजारासाठी बनवलेले जुने अ‍ॅम्प १०० व्होल्टचे असतात, मागची पट्टी वाचल्याशिवाय प्लग लावू नका.

अजून एक, काहीही न वाजवता सिलेक्टर फोनोवर ठेवा, नॉब रात्रीच्या जागेच्या थोडा वर न्या आणि खुर्चीत बसा. हिस किंवा हम ऐकू आला तर तो अ‍ॅम्प तुमच्यासाठी नाही, मग वॅट कितीही असोत.

मंद्रसप्तक

तीन आठवडे झाले, सांगायचं राहिलं होतं. दोन्ही अ‍ॅम्प ओळखीच्यांकडून चार-चार दिवसांसाठी मिळाले, ४० चा आणि ८० चा. आवाज मीटरने सारखा केला. दिवसा दोघांत मला फरक सांगता आला नाही, प्रामाणिकपणे सांगतो, बायकोला कापडामागे बदलायला लावले तरी नाही. रात्री मात्र कळला. ८० वाल्याचा नॉब पुन्हा साडेआठला यायचा आणि शांततेत ट्वीटरला कान न लावताही बारीक हिस यायचा. ४० वाल्याची इनपुट सेन्सिटिव्हिटी ४५० मिलिव्होल्ट आहे, तो गप्प होता.

४० चा घेतला. डॅक आता १० डीबी खाली असतो, बेसचा नॉब रात्री एक खूण वर. मित्राला त्याचा अ‍ॅम्प परत देताना नॉबबद्दल सांगितलं तर तो म्हणाला, त्यालाही डावा स्पीकर कमी वाटायचा म्हणून त्याने स्पीकर बदलले होते.

आता कार्ट्रिजच्या केबलच्या कपॅसिटन्सबद्दल विचारायचंय, पण ते वेगळ्या धाग्यात विचारतो.